ओळीआधींची मोकळी जागा

लिहिलेल्या अक्षराकडे सर्वांचें लक्ष जातें. न लिहिलेल्या जागेकडे सहसा कोणाचें जात नाहीं. शाळकरी मुलाच्या वहींत डाव्या बाजूस तांबडी रेघ असते. तिच्या पलीकडच्या समासांत लिहूं नये हें त्याला पहिल्या दिवसापासून सांगितलें जातें; नवा परिच्छेद थोडा आंत सरकवून सुरू करावा, हेंहि सांगितलें जातें. असें कां, हें त्यानें विचारलें तर ‘दिसायला बरें दिसतें’ यापलीकडचें उत्तर बहुधा मिळत नाहीं. कागदापुरतें हें उत्तर चालून जातें. संगणकावर मात्र तें पुरत नाहीं. तेथें ओळीआधीं सोडलेली जागा कधीं केवळ शोभेची असते, तर कधीं ती शब्दाइतकीच अर्थाची वाहक असते; आणि या दोहोंतला भेद न कळल्यामुळें चांगलीं जाणतीं माणसें रात्र रात्र चूक शोधीत बसतात. या जागेची व्यवस्था कशी लावावी, तींतली कोणती गोष्ट सर्वांनीं मिळून ठरवावी आणि कोणती ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर सोपवावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यांत तर हा विषय आतां घरगुती झाला आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली; १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि पुढें पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गांवांच्या शिवारांत कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या; २००९ सालीं चाकणजवळ फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. एके काळीं येथल्या कामगाराचें कसब त्याच्या हातांतल्या कानशीवरून ओळखलें जाई. कानस आजहि आहे, पण तिच्या जोडीस आज्ञावली आली आहे. यंत्राचा हात किती वळावा, माप केव्हां घ्यावें, सदोष भाग कोणत्या पेटींत टाकावा, हें ओळीओळीनें लिहिलेलें असतें. आणि तें लिहिण्याचें व सुधारण्याचें साधन म्हणजे टेक्स्ट एडिटर. आई कारखान्यांतल्या चाचणीची आज्ञावली तपासीत बसली आहे आणि शेजारीं मुलगा पायथन भाषेंतला शाळेचा धडा गिरवीत आहे, हें दृश्य निगडी-प्राधिकरणांत नवलाचें राहिलेलें नाहीं. केंद्रीय मंडळाच्या वरच्या वर्गांत संगणकशास्त्रासाठीं हीच भाषा शिकवितात.

मोकळ्या जागेचा प्रश्न मात्र संगणकाहून पुष्कळ जुना आहे. याच चिंचवडास पवनेच्या कांठीं मोरया गोसावींची समाधि आहे. त्या देवस्थानाचा मराठी राज्याशीं जो व्यवहार चाले, तो ज्या काळांतला, त्या काळीं दफ्तरांतलें लेखन मोडी लिपींत होई. मोडी लिहिणारा कारकून आधीं कागदावर आडवी रेघ ओढी आणि मग तिच्याखालीं अक्षरें लिहीत जाई. दोन शब्दांमध्यें अंतर नसे. वाक्य कोठें संपलें याची खूण नसे. तरी कारभार अडला नाहीं, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकाच तालमींत तयार झालेले असत. शब्द कोठें तोडावा हें कागदावर नसलें तरी त्यांच्या मनांत पक्कें असे. एकोणिसाव्या शतकांत छापखाने आले, पुस्तक अनोळखी वाचकाच्या हातीं पडूं लागलें, आणि हा भरंवसा पुरेनासा झाला. मेजर थॉमस कँडी यांनीं इंग्रजी विरामचिन्हें मराठींत रूढ केलीं तीं याच काळांत. यावरून एक गोष्ट दिसून येते. जागा सोडणें हा लिहिणाराचा आणि वाचणाराचा करार आहे. दोघांची ओळख असेल तोंवर तो मनांत राहिला तरी चालतो. ओळख नसेल तेथें तो लिहून ठेवावा लागतो.

संगणकाच्या लेखनांत जागा सोडण्याच्या दोन रीती आहेत, आणि सगळ्या भांडणाचें मूळ त्यांतच आहे. पहिली रीत म्हणजे स्पेसची लांब कळ दाबणें. दर वेळीं एक घर मोकळें सुटतें. दुसरी टॅबची कळ. ही टंकयंत्रावरून आली. हिशेबाचे रकाने सरळ यावे म्हणून टंकयंत्राच्या मागील पट्टीवर लहान लहान खुंट्या लावीत. टॅब्युलेटरची कळ दाबली कीं कागदाची गाडी धांवत जाऊन पुढच्या खुंटीपाशीं थांबे. अक्षरांना आंकडे नेमून देणारी आस्की नांवाची संहिता १९६३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली, तींत टॅबला ९ आणि स्पेसला ३२ हा आंकडा मिळाला. पडद्यावर सारख्याच कोऱ्या दिसणाऱ्या या दोन जागा यंत्राच्या दृष्टीनें अगदीं निराळ्या आहेत.

स्पेस सांगते, ‘एक घर पुढें’. टॅब सांगते, ‘पुढच्या खुंटीपर्यंत’. खुंटी कोठें आहे हें मात्र फाइलींत लिहिलेलें नसतें. तें वाचणाराच्या एडिटरांत ठरतें. युनिक्स प्रणालीच्या परंपरेंत खुंट्या आठ-आठ घरांवर असतात; पुष्कळ जण त्या चार किंवा दोन घरांवर ठेवतात. समजा, भोसरीच्या एखाद्या कार्यशाळेंत खुंटी चारांवर ठेवून कोणी दोन ओळी लिहिल्या. पहिलीपुढें एक टॅब, दुसरीपुढें चार स्पेस. त्याच्या पडद्यावर दोन्ही ओळी एका रेषेंत दिसतील. तीच फाइल चाकणला आठांची खुंटी असलेल्या पडद्यावर उघडली, कीं पहिली ओळ आठ घरें आंत जाईल आणि दुसरी चारांवरच राहील. फाइलींतला एकहि आंकडा बदललेला नाहीं, तरी मजकूर वांकडा झाला.

साठविलेला मजकूर निराळा आणि दिसणारा मजकूर निराळा, ही गोष्ट येथें नीट ध्यानांत घेतली पाहिजे. मराठी लिहिणाराला ती अवघड जाऊं नये. ‘कि’ या अक्षरांतली वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधीं दिसते, पण युनिकोडच्या नियमाप्रमाणें संगणकांत आधीं ‘क’ आणि मागून वेलांटी साठविलेली असते. ‘अर्क’ या शब्दांतला रफार दिसतो ‘क’च्या डोक्यावर, साठविला जातो ‘क’च्या आधीं. ‘स्त्री’ हें डोळ्यांना एकच अक्षर. आंत त्याचे सहा आंकडे असतात. एडिटरची प्रत्येक मांडणी या दोहोंपैकीं कशाला हात लावते, साठविलेल्याला कीं दिसण्याला, हें ओळखलें म्हणजे अर्धें काम झालें.

आतां अर्थाकडे वळावें. सी या भाषेंत आज्ञांचे गट महिरपी कंसांत बांधतात. कारखान्यांतल्या नियंत्रकांसाठीं ‘स्ट्रक्चर्ड टेक्स्ट’ नांवाची भाषा वापरतात. तींत गट संपला हें सांगणारा शब्दच लिहावा लागतो. या भाषांमध्यें ओळीआधींची जागा केवळ माणसाच्या सोयीची. पायथनची गोष्ट वेगळी. गीडो व्हान रॉसम यांनीं ती भाषा १९९१ सालीं प्रसिद्ध केली. तींत गट कोठें सुरू झाला आणि कोठें संपला हें ओळ किती आंत सरकली आहे यावरूनच ठरतें.

श्रोत्यांनीं हवें तर कागदावर पांच ओळी मांडून पाहाव्या. पहिली ओळ कडेला: ‘दोनशें भागांपैकीं एकेक भाग घे’. दुसरी एक पायरी आंत: ‘त्याचें माप घे’. तिसरी त्याच पायरीवर: ‘माप मर्यादेबाहेर असेल तर’. चौथी दोन पायऱ्या आंत: ‘तो भाग बाजूला काढ’. पांचवी ओळ आहे ‘पर्यवेक्षकाला निरोप पाठव’. ही पांचवी ओळ कोठें लिहावी? दोनशें भागांत तीन सदोष आहेत असें धरावें. पांचवी ओळ दोन पायऱ्या आंत असेल तर तीन निरोप जातील. एक पायरी आंत असेल तर भाग चांगला असो वा वाईट, दोनशें निरोप जातील. कडेला असेल तर सर्व भाग तपासून झाल्यावर एकच निरोप जाईल, मग एकहि भाग सदोष नसला तरी तो जाईल. शब्द तेच, त्यांचा क्रम तोच. फरक केवळ न लिहिलेल्या जागेचा.

जुन्या पायथनमध्यें याहून सूक्ष्म धोका होता. ती भाषा टॅब दिसली कीं आठांच्या पटीपर्यंत मोजी. लिहिणाराच्या एडिटरांत खुंटी चारांवर असली म्हणजे त्याच्या डोळ्यांना ओळ एक पायरी आंत दिसे, आणि पायथन ती दोन पायऱ्या आंत समजे. आज्ञावली तक्रार न करतां चाले. फक्त तिचा अर्थ लिहिणाराच्या मनांतला नसे. म्हणून २००८ सालीं आलेल्या तिसऱ्या आवृत्तीनें, टॅब आणि स्पेस यांची अर्थ संदिग्ध करणारी भेसळ सरळ नाकारण्याचें ठरविलें. त्या भाषेच्या २००१ सालच्या लेखनपद्धतींत प्रत्येक पायरीस चार स्पेस सोडाव्या अशी शिफारस आहे.

जेथें जागा केवळ माणसासाठीं असते तेथें धोका नाहीं, असेंहि समजूं नये. फेब्रुवारी २०१४ मध्यें ॲपल कंपनीला आपल्या फोनच्या आणि संगणकाच्या प्रणालींत तातडीची दुरुस्ती करावी लागली. पलीकडचा संगणक खरोखर तोच आहे ना, हें तपासणाऱ्या सी भाषेंतल्या आज्ञावलींत ‘येथून बाहेर पड’ अशा अर्थाची एक ओळ लागोपाठ दोनदां पडली होती. दोन्ही ओळी सारख्याच आंत सरकविलेल्या असल्यामुळें दोन्ही वरच्या अटीखालीं आहेत असा भास होई. कंस नसल्यामुळें प्रत्यक्षांत पहिलीच ओळ अटीखालीं होती. दुसरी कोणतीहि अट न पाहतां दर वेळीं चाले, आणि पुढची तपासणी होतच नसे. डोळ्यांनीं जागेवर विश्वास ठेवला, यंत्रानें कंसांवर. पुढें २०१६ सालीं सी भाषेचें भाषांतर करणाऱ्या जीसीसी या साधनांत अशा फसव्या समासाविषयीं सूचना देण्याची सोय झाली.

एकदां पडलेली सवय किती चिवट असते याचें उदाहरणहि आहे. १९७६ सालीं बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन यांनीं ‘मेक’ नांवाचें साधन तयार केलें. आज्ञेची ओळ टॅबनेंच सुरू झाली पाहिजे असा नियम त्यांत राहून गेला. तो गैरसोयीचा आहे हें लौकरच लक्षांत आलें. पण तोंवर दहा-बारा जण तें साधन वापरूं लागले होते, आणि त्यांचें लिहिलेलें मोडूं नये म्हणून नियम तसाच ठेवला. त्या दहा-बारा जणांच्या सोयीचा भार आज साऱ्या जगांतले लिहिणारे वाहत आहेत. करार करावयाचा तर तो आरंभींच करावा, हा याचा बोध.

आतां प्रत्यक्ष एडिटरकडे पाहावें. अनेक एडिटर प्रचारांत आहेत. उदाहरणादाखल विम घेतां येईल. बिल जॉय यांनीं १९७६ सालीं व्हीआय नांवाचा एडिटर लिहिला. त्याच्या वळणावर ब्राम मूलेनार यांनीं घडविलेला विम १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. २०२३ सालीं मूलेनार वारले. त्यांनीं विमचें मोल घेतलें नाहीं. ज्याला तो उपयोगी वाटेल त्यानें युगांडांतल्या किबाले येथील मुलांना मदत करावी एवढीच विनंति त्यांनीं केली होती.

विममध्यें ओळीआधींच्या जागेसंबंधीं चार मांडण्या मुख्य आहेत. पहिली ‘टॅबस्टॉप’. टॅब किती घरांची दिसावी हें ती ठरविते. मुळांत हा आंकडा आठ असतो. तो बदलल्यानें फाइलींत असलेल्या टॅबना धक्का लागत नाहीं, त्यांचें दिसणें मात्र बदलतें. दुसरी ‘शिफ्टविड्थ’. ओळ एक पायरी आंत सरकवा असें सांगितलें तर किती घरें सरकावी हें तिच्यावर अवलंबून असतें. तिसरी ‘सॉफ्टटॅबस्टॉप’. लिहितांना टॅबची कळ दाबली तर ती किती घरांइतकी धरावी हें ती सांगते. चौथी ‘एक्स्पँडटॅब’. ती चालू असली कीं टॅबची कळ दाबली तरी फाइलींत स्पेसच साठविल्या जातात. पहिली दिसण्याची, बाकीच्या तीन साठविण्याच्या. पुष्कळ जण पहिलीचा आंकडा बदलून समाधान मानतात, आणि दुसऱ्याच्या पडद्यावर मजकूर वांकडा कां दिसतो याचें नवल करीत राहतात. पायथनसाठीं शिफ्टविड्थ चार, सॉफ्टटॅबस्टॉप चार आणि एक्स्पँडटॅब चालू, हें नेमून ठेवावें; ‘मेक’च्या फाइलींसाठीं मात्र एक्स्पँडटॅब बंदच असली पाहिजे.

चूक शोधतांना ‘लिस्ट’ ही मांडणी चालू करावी. मग न दिसणाऱ्या जागांच्या खुणा पडद्यावर उमटतात आणि टॅब कोठें आहे, ओळीच्या शेवटीं फुकट स्पेस कोठें राहिल्या आहेत, हें एका दृष्टिक्षेपांत कळतें. टॅबच्या स्पेस करून देणारी ‘रीटॅब’ ही आज्ञाहि आहे. पण ती जपून वापरावी. ओळीच्या आरंभींच्याच नव्हे, तर अवतरणचिन्हांतल्या मजकुरांतल्या टॅबहि ती बदलून टाकते.

यापुढचा प्रश्न कराराचा. एका माणसाची फाइल असेल तर त्याची सवय हाच नियम. परंतु कारखान्यांतली आज्ञावली तीन पाळ्यांतल्या माणसांच्या हातांखालून जाते; आज लिहिणारा पुढच्या वर्षीं तेथें असेलच असें नाहीं. अशा ठिकाणीं नियम कोणा वडीलधाऱ्याच्या तोंडीं ठेवून भागत नाहीं. तो आज्ञावलीच्या शेजारींच लिहून ठेवावा. यासाठीं ‘एडिटरकॉन्फिग’ नांवाची एक लहानशी फाइल कामाच्या मूळ संचिकेंत ठेवतात. कोणत्या भाषेच्या फाइलींत टॅब वापरावी कीं स्पेस, पायरी किती घरांची, ओळीच्या शेवटच्या फुकट स्पेस काढाव्या कीं नाहीं, हें तींत पांच-सहा ओळींत मावतें, आणि पुष्कळसे एडिटर ती वाचून आपोआप तसे वागतात. विममध्यें फाइलीच्या आरंभींच्या किंवा शेवटच्या ओळींतहि अशी सूचना लिहितां येते; पण २०१९ सालीं या सोयींतून घातक आज्ञा चालवितां येते असें उघडकीस आलें आणि ती दुरुस्त करावी लागली. परक्या फाइलींतल्या सूचना डोळे मिटून पाळणें शहाणपणाचें नव्हे.

दुसऱ्याच्या फाइलींत एक शब्द दुरुस्त करावयास जावें आणि जातां जातां सबंध फाइलीचा समास आपल्या आवडीनें बदलून यावें, ही संवय मात्र टाळली पाहिजे. कोणती ओळ कोणीं व केव्हां बदलली याची नोंद ठेवणारीं साधनें आज सर्वत्र आहेत. सबंध समास बदलला कीं प्रत्येक ओळ नव्यानें बदलली अशी नोंद होते आणि खरी दुरुस्ती त्या गर्दींत झांकून जाते. समास सुधारणें अवश्य असेल तर तें काम निराळें, सर्वांना सांगून करावें.

कराराबाहेर जें उरतें तें सारें वाचणाराच्या डोळ्यांचें. अक्षराचा आकार, पार्श्वभूमीचा रंग, ओळींचे क्रमांक, लांब ओळ पडद्याच्या कडेला मोडून दाखवावी कीं पुढें जाऊं द्यावी, यांपैकीं कशानेंहि साठविलेला मजकूर बदलत नाहीं. म्हणून येथें कोणीं कोणावर सक्ती करूं नये. चाळिशी लागलेल्या माणसाला अक्षर मोठें लागतें. त्याला पायरी दोन घरांची असली म्हणजे ओळ पडद्यावर मावते. उलट दुसऱ्याला आठ घरांच्या पायरीवांचून गट ओळखूं येत नाहींत. आज्ञावलींत मराठी टिपणें लिहिणारानें आणखी एक ध्यानांत ठेवावें. जोडाक्षरांची रुंदी सर्वत्र सारखी धरली जात नाहीं. म्हणून मराठी शब्दांच्या पुढें स्पेस भरून रकाने जुळविण्याच्या खटपटींत पडूं नये. सरळपणा ओळीच्या आरंभीं साधावा.

टॅब चांगली कीं स्पेस, या जुन्या वादांत दोन्ही बाजूंना कांहीं अर्थ आहे. स्पेस सर्वत्र सारखी दिसते, हा तिचा गुण. टॅबची रुंदी वाचणारा ठरवितो, हा टॅबचा गुण. आणि तो केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाहीं. दृष्टिहीन माणूस ब्रेलच्या पट्टीवर बोटें फिरवून आज्ञावली वाचतो. चाळीस खणांच्या पट्टीवर ओळीआधींच्या आठ स्पेस आठ खण अडवितात. टॅब एका खणांत दाखवितां येते. डोळस माणसाला जी जागा फुकट वाटते, तिची किंमत त्याला प्रत्येक ओळीला मोजावी लागते. अशी व्यक्ति कामांत सहभागी असेल तर करार करतांना तिला आधीं विचारावें. भाषेनें मोकळीक दिली असेल तेथें टॅब घ्यावी. पायथनलाहि टॅब चालते, अट एवढीच कीं तींत स्पेसची भेसळ नसावी.

सारांश, जें साठवावयाचें तें सर्वांचें असतें. तें एकमतानें ठरवावें, लिहून ठेवावें आणि पाळावें. जें दिसावयाचें तें ज्याचें त्याचें असतें; तेथें दुसऱ्याला मोकळें सोडावें. हा भेद सांभाळला तर टॅब आणि स्पेस यांच्या भांडणांतलें पुष्कळसें भांडण उरतच नाहीं. नवें काम हातीं घेतांना पहिली ओळ लिहिण्यापूर्वीं पांच मिनिटें देऊन हा करार करावा. पुढें केव्हां तरी रात्रपाळीला एकटा बसलेला कोणी अनोळखी माणूस ती फाइल उघडील. त्या वेळीं लिहिणाराच्या मनांतला अर्थ आणि त्याच्या पडद्यावरचा अर्थ एकच असेल.